पहिलं अक्षर

डॉक्टर वाक्याच्या मध्यावर थांबले आणि मी त्यांना शब्द दिला.

ते म्हणत होते, "काका, मागच्या वेळी आपण जो तुकडा काढून तपासायला पाठवला होता ना, त्यात..." आणि तिथेच अडले. टेबलावरचं पेन त्यांनी उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. नजर माझ्यावरून सरकून बाजूला गेली. ही नजर मी जन्मभर पाहत आलोय. माणूस वाक्याच्या काठावर येऊन उभा राहतो, पुढचं पाऊल सापडत नाही, आणि डोळे आपसूक विंगेकडे वळतात. विंगेत मी असतो. मी जरासा पुढे वाकलो आणि खालच्या पट्टीत, ओठ फार न हलवता म्हणालो, "कॅन्सर." डॉक्टर दचकले. "हो," ते म्हणाले, "म्हणजे, हो." मग वाक्य उचलून चालू लागले, आमच्या नटांसारखेच, शब्द दुसऱ्याने दिल्याची खूणही न ठेवता. मला क्षणभर बरं वाटलं. वेळेवर दिला, फार लवकर नाही, फार उशिरा नाही. तो शब्द माझ्याच घशाविषयीचा आहे हे मला नंतर समजलं, आणि समजलं तेव्हा खुर्चीच्या हाताचं रेक्झीन कुठेकुठे फाटलंय ते मी बोटाने चाचपत होतो.

मी प्रॉम्प्टर आहे. आजकाल हे सांगितलं की लोक विचारतात, अजून असतात का? असतात. दोन पडद्यांच्या मध्ये एका मोडक्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि तिच्यावर झाकलेला छोटा दिवा घेऊन असतात. नटाला पाठांतर असतं तोवर आम्ही नसतो. तो अडला की आम्ही. आणि तेव्हाही सबंध वाक्य द्यायचं नसतं, ते नवशिके देतात. पहिलं अक्षर द्यायचं. फार तर पहिला शब्द. बाकीचं त्याच्या पोटात असतंच, फक्त दाराची कडी निघायला हवी. कडी काढायची आणि बाजूला व्हायचं. चांगल्या प्रॉम्प्टरचं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि चांगल्या प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा जात नाही. माझा जायला लागला म्हणून तर मी इथे आलो. आमचे नायक, ज्यांना आम्ही सगळे राजे म्हणतो कारण त्यांना राजाखेरीज दुसरी भूमिका शोभत नाही, ते एका प्रयोगात सिंहासनावर बसल्याबसल्या ब्लँक झाले. मी अक्षर दिलं, ते घशातून फाटून बाहेर पडलं, जुनी खुर्ची ओढावी तसं. सभागृह हसलं. राजे मध्यंतरात म्हणाले, "अरे बाबा, तू मला वाक्य देतोयस की शाप?" तेही हसले, मीही हसलो. सर्दी आहे म्हणालो. ती सर्दी पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, आणि स्वतःलाही.

डॉक्टरांनी कागदावर माझा घसा काढला. अर्धवट उघडलेल्या कात्रीसारख्या दोन रेघा, आणि डावीकडच्या रेघेवर एक ठिपका. ठिपका त्यांनी दोनदा गिरवला. "नशीबवान आहात तुम्ही. हा फार लवकर सापडलाय. स्वरतंतूवरचा कॅन्सर लपून बसत नाही, पहिल्याच दिवसापासून बोंब मारतो." त्यांना वाटलं मी हसेन. मी हसलोसुद्धा. हसल्यावर खोकला आला आणि ते कागदाकडे पाहत थांबले. मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. किरणांचा एक. सहा-सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज यायचं, यंत्राखाली थोडा वेळ पडून राहायचं. मध्ये घसा आतून सोलल्यासारखा होईल, पाणीसुद्धा टोचेल, पण सगळं निवलं की आवाज बराचसा पहिल्यासारखा येतो. "फक्त एक आहे काका. किरणं एका जागी एकदाच देता येतात. पुन्हा उगवलं तर ते हत्यार आपण वापरून बसलेलो असतो. मग मोठं ऑपरेशन. बहुतेक वेळा स्वरयंत्रच काढावं लागतं." दुसरा रस्ता लेझरचा. तोंडातूनच नळी घालून तेवढा भाग जाळून काढायचा, बाहेर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. पुन्हा उगवलं तर पुन्हा करता येतं, आणि किरणं राखीव राहतात. "पण तंतूचा तुकडा जातो. दोन्ही तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते. आवाज घोगरा, पातळ होतो. किती, ते आत गेल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तुमचा डाग पुढच्या टोकाला आहे, म्हणून जरा जास्त." बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, दहांतले नऊ तरी. नऊ जणांचा चेहरा मला दिसेना. दहावा मात्र स्पष्ट दिसला, तो माझ्याच खुर्चीत बसला होता आणि रेक्झीन चाचपत होता.

"निवड तुमची," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. लोकांची वाक्यं मी सांभाळली, स्वतःचं असं एकही पाठ नाही. मग त्यांनीच विचारलं, कामात आवाज लागतो का. "लागतो," मी म्हणालो, "पण ऐकू जायला नको असतो." मग काय काम करतो ते सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच अवघडलेपणा आला. "काका, एक सांगतो, कुजबुजायचं मात्र अजिबात नाही. लोकांना वाटतं कुजबुजलं की घशाला आराम. उलट असतं. तंतू आवळून धरावे लागतात. ओरडण्याइतकंच वाईट." मी म्हणालो, डॉक्टर, माझं सगळं आयुष्य कुजबुजण्यावर चाललंय. ते मान हलवत राहिले. मग विचारलं, घरी कोण असतं? बायको. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या ना. तिघं बसून बोलू." मी म्हणालो, "ती बोलत नाही." हे खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं, पण तो गुंता उलगडून सांगायला माझ्याजवळ तेव्हा आवाज शिल्लक नव्हता. कागदावरचा तो घसा त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला, म्हणजे छातीवर, म्हणजे खऱ्या घशापासून वीतभर खाली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाईच्या मांडीवर झाडाची कुंडी होती आणि बस वळली की पानं माझ्या बाहीला घासत होती. आमची ही, माझी बायको, पूर्वी किती बोलायची. खरं तर तिच्या बोलण्यावरूनच आमचं जमलं. थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीवर बसायची ती, पुढ्यात खुर्च्यांचा नकाशा, हातात लाल-निळी पेन्सिल, आणि जिभेला आराम कसला तो नाही. रांगेतला माणूस तिकीट घेऊन निघाला की त्याला वाटायचं आपण नाटक पाहूनच निघालो. एकदा मी सहज खिडकीशी गेलो तर म्हणाली, "तुम्हाला कशाला तिकीट? तुम्ही तर फुकट बसता, तेही सगळ्यात पुढे." मी म्हणालो, पुढे बसतो पण मला काही दिसत नाही, फक्त लोकांचे पाय दिसतात. "मग लग्न करताना बायकोचे पाय बघून करणार वाटतं," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला हाक मारून पुढे घेतलं. मी बाजूला उभा, कानाच्या पाळ्या गरम झालेल्या. पुढे कितीतरी वर्षं घरात मी बोललोच नाही म्हटलं तरी चालेल. गरजच पडायची नाही. दिवसभर विंगेत कुजबुजून आल्यावर घरी तिचा आवाज भरलेला असायचा, आणि मी नुसता त्यात बसून राहायचो, हिवाळ्यात उन्हात बसतात तसा.

मग एका सकाळी ती दात घासताना आरशासमोर उभी होती आणि तिने मला हाक मारली, पण ती हाक नव्हती. काहीतरी गोळा होऊन आलेलं, बिनहाडाचं. ब्रश बेसिनमध्ये पडला. मेंदूतली रक्ताची गाठ, डाव्या बाजूची. उजवा हात काही महिन्यांनी परत आला, पायही बऱ्यापैकी आला. शब्द आले नाहीत. तिला सगळं समजतं. वस्तू समोर असते, तिचं काम ठाऊक असतं, ती कुणी कधी आणली तेसुद्धा आठवतं, नुसतं नाव नाही. नावाच्या जागी भोक. जुनी, घासून गुळगुळीत झालेली वाक्यं तेवढी अधूनमधून आपण होऊन निघतात, "पुढच्या रांगा संपल्या हो", "एकेक जण या", आणि ती निघाली की तिचं तिलाच हसू येतं, मग रडू. शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट येत असे, आमची मुलगी शोभली असती, आम्हाला मूल असतं तर. तिने पहिल्याच दिवशी चमचा दाखवला. ही बघत राहिली. मुलगी म्हणाली, "च... च..." आणि ही म्हणाली, "चमचा!" त्या क्षणी मी दारात उभा होतो आणि चौकट धरून तिथेच थांबलो. कारण हे तर माझं काम. मुलगी मला समजावू लागली की काका, पहिला आवाज दिला की त्यांचा शब्द सुटतो, याला असं असं म्हणतात. मी म्हटलं, बाई गं, मी जन्मभर दुसरं काय केलंय.

तेव्हापासून मी घरीही विंगेत बसलो. ती अडली की मी अक्षर देतो. सकाळी 'च', मग चहा येतो. 'टॉ', टॉवेल येतो. 'ख', खिडकी. मुलगी रागवायची, "काका, इतक्या लवकर नका देऊ. थांबा जरा, त्यांना शोधू द्या." मला थांबता येत नाही. रंगमंचावर कुणी अडलं की माझा जीव कासावीस होतो, तर समोर ही, जिच्या तोंडात कधी शब्द मावत नसत. तिची नजर माझ्या तोंडाकडे लागलेली असते, आणि माझ्या घशातून एक अक्षर निघतं, आणि तिच्या चेहऱ्यावर दिवा लागतो. माझं सगळं जगणं त्या दिव्यावर आहे, हे मी डॉक्टरांना कसं सांगणार होतो? तुमचा घोगरा, पातळ, हवा निसटणारा आवाज मला चालला असता डॉक्टर, राजांनाही चालला असता, त्यांनी दुसरा माणूस पाहिला असता. पण हिला अक्षर स्पष्ट लागतं. मध्यंतरी सर्दी म्हणून मिरवत होतो तेव्हाच पाहिलंय. मी 'ट' द्यायचो, तिला 'ख' सारखं काहीतरी खरखरीत पोचायचं, आणि ती माझ्याकडे बघत राहायची, आणि मग दोघंही दुसरीकडे बघायचो. नुसत्या ओठांवरून तिला काही अक्षरं मिळतात, तेही मी करून पाहिलंय. 'प' दिसतो, 'म' दिसतो. पाणी मिळतं. पण 'च', 'क', 'ग', 'ट' तोंडाच्या आतली, ती बाहेरून कशी दिसणार. लेझर केलं तर आमच्या घरात पाणी राहील आणि चहा जाईल, कपडे जातील, गाणं जाईल.

आणि हे 'क' चं तर आणखीच. माझा आवाज बसायला लागला त्याच सुमाराला ती 'क' वर येऊन अडली. आपण होऊन, मी न देता. दुपारी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "क्... क्..." पुढे काही नाही. मला आनंदच झाला आधी, स्वतःहून अक्षर काढतेय म्हणून. मी म्हटलं, कप? मान हलवली, नाही. कंगवा? नाही. कात्री, कपाट, किल्ली, कागद. घरात 'क' च्या किती वस्तू असतात हे मला त्या दिवसांत समजलं. तिची धाकटी बहीण, माझी मेहुणी, मी कामाला गेलो की हिच्यापाशी येऊन बसते. तिनेही सपाटा लावला, कांदा, कढई, कुंकवाची डबीसुद्धा शोधून आणली. "भावजी, हिला कोबी हवाय की काय?" म्हणत बाजारातून कोबी आणला. हिने कोबी ढकलून दिला. तो जमिनीवरून गडगडत मोरीपर्यंत गेला आणि मेहुणी हसता हसता टेबलाला टेकली. हिला हसू आलं नाही. एकदा तिने माझी कॉलरच पकडली. "क्." मी म्हटलं, अगं, कॉलर. मळलीय का? शर्ट बदलून आलो. तिने दुसऱ्या शर्टाचीही पकडली. मी बटण लावलं, काढलं, इस्त्री केली. तिने कंगवा माझ्या अंगावर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. इतक्या वर्षांच्या प्रॉम्प्टरला एक शब्द सापडेना. हिच्या डोक्यात कुठली संहिता चाललीय तेच मला ठाऊक नव्हतं, आणि संहिता हातात नसलेला प्रॉम्प्टर म्हणजे अंधारात बसलेला एक रिकामटेकडा माणूस.

बस सिग्नलला थांबली तेव्हा माझं ठरलं. किरणं. त्यात विचार करण्यासारखं होतंच काय? सहा-सात आठवडे रोज जायचं, मेहुणीला गळ घालायची, ती काही नाही म्हणायची नाही. घसा सोलेल तेवढा सोलू दे. आवाज राहतोय ना, अक्षरं राहतायत ना. पुन्हा उगवलं तर? तर बघू. 'तर बघू' म्हटलं आणि मला दिसलं. गळ्याला भोक पडलेला एक माणूस हातवारे करतोय, समोर एक बाई बसलीय जिला शब्द सापडत नाहीत, आणि घरात नळाच्या थेंबाखेरीज कसलाही आवाज नाही. एक रस्ता मला वाचवण्यातला जास्त खात्रीचा, पण तिला आजपासून मुकं करणारा. दुसरा तिला आज बोलतं ठेवणारा, पण उलटला तर दोघांनाही बुडवणारा. डॉक्टर म्हणाले प्रमाण सारखंच. ते आवाजाशिवाय जगणाऱ्यांच्या घरी कधी जेवायला बसले असतील असं वाटत नाही. मी खिशातला कागद काढून पाहिला. अर्धी उघडी कात्री. बस हलली, आणि शेजारच्या बाईने कुंडी दुसऱ्या मांडीवर घेतली.

घरात शिरलो तर मेहुणी दाराशीच. "भावजी, काय म्हणाले?" तिने हळूच विचारलं, आतल्या खोलीकडे नजर टाकत. आमच्याकडे सगळे असं हळू विचारतात, जणू हिचे शब्द गेलेत म्हणजे कानही गेलेत. "सूज आहे," मी म्हणालो, "औषध दिलंय." ती सुटल्यासारखं हसली. "मी म्हटलंच होतं. दिवसभर त्या धुळीत बसता, पडदे कधी झाडतात तरी का?" चपला घालता घालता म्हणाली, "आज पुन्हा क-क चाललं होतं बाईसाहेबांचं. मी म्हटलं, ताई, तूच आण आता काय हवं ते, मी दमले." या दोघी बहिणींत बरंच अंतर. वडील गेले तेव्हा ही शाळेत जात होती आणि धाकटी पाळण्यात. घशाचं काहीतरी होतं म्हणे, एवढंच. त्या घरात दुखण्याला नाव द्यायची पद्धत नव्हती. मला सासरे फोटोतून ठाऊक, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले, फोटो उन्हाळ्यातला असूनही.

ती खिडकीपाशी खुर्चीत होती. बाहेरचा उजेड तिच्या डाव्या गालावर होता, उजवा गाल अजून जरासा सुटलेला. मी समोर स्टूल ओढून बसलो. बसमध्ये मी वाक्यं जुळवून ठेवली होती. आधी सांगायचं की घाबरण्यासारखं नाही, मग की लवकर सापडलं, मग की रोज जावं लागेल. आणि तो शब्द शेवटी, किंवा नाहीच. गाठ म्हणायचं, डाग म्हणायचं. "अगं," मी म्हणालो, "आज डॉक्टरांकडे गेलो होतो ना, तर ते..." आणि मी ब्लँक झालो. मी. डोक्यात सगळं लख्ख होतं आणि तोंडाशी काहीच येईना. नटांची मी किती थट्टा केली होती या गोष्टीवरून, की बाबांनो, तुमचीच भाषा, तुमचंच तोंड, अडता कसे? असे अडतात. जीभ जाड होते, कानात स्वतःचं रक्त वाजतं, आणि समोरचा माणूस फार दूर बसल्यासारखा दिसतो. मी तिच्याकडे पाहिलं. माझे डोळे कुठल्या अर्थाने तिच्याकडे वळले होते ते मला त्या क्षणी समजलं नाही.

तिने डावा हात पुढे केला आणि माझी कॉलर धरली. "क्," ती म्हणाली. माझ्यात सवय उसळली, कप, कंगवा, कात्री. पण बोलायला आवाजच नव्हता, म्हणून मी पहिल्यांदा नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तिचा अंगठा कापडावर नव्हता. कॉलरच्या आत होता, माझ्या गळ्याच्या घाटीवर, आणि तिथे ती हलकं दाबत होती. "क्... कॅ..." ती म्हणाली आणि थांबली. शब्द मागणाऱ्याची नजर मला ठाऊक आहे, जन्मभर तिच्यावरच पोट भरलं. ही ती नजर नव्हती. तिला माझ्याकडून काही नको होतं. ती मला देत होती. पहिलं अक्षर देऊन ती थांबली होती, घाई न करता, त्या शिकवणाऱ्या मुलीने मला सांगितलं होतं आणि मला कधी जमलं नव्हतं तितका वेळ. माझा आवाज पहिल्यांदा फाटला त्या दिवसापासून ती मला तो शब्द देत होती, आणि मी तिला कंगवे आणून देत होतो.

"कॅन्सर," मी म्हणालो. खरखरत का होईना, निघाला.

"कॅन्सर," ती म्हणाली. सबंध, स्वच्छ, एकही अक्षर न गळता, खिडकीतून खुर्चीचा नंबर सांगायची तसा. आजारपणानंतर इतका धड शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर तो दिवा लागला, मला सवयीने बरं वाटलं, आणि लगेच आम्ही दोघंही त्या उजेडात काय दिसतंय ते पाहिलं. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" ती कितीतरी वेळ शोधत होती. 'ब' ओठांवर यायच्या आधीच मी ओळखलं, पण दिला नाही. "बाबा," ती म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्याभोवती हात फिरवला, मफलर गुंडाळल्यासारखा. शाळकरी पोरीने तो आवाज घरात ऐकला होता, रोज थोडा थोडा फाटत गेलेला, ज्याला कुणी नाव देत नव्हतं. तोच माझ्या घशात तिने डॉक्टरांच्या आधी ओळखला. मला भयंकर लाज वाटली, आणि भीतीही, कारण आता घरात लपायला जागा उरली नव्हती.

मी तिला दोन्ही रस्ते सांगितले, तुटक, मध्ये मध्ये खोकत. कागद उलगडून दाखवला. ठिपक्यावर तिने बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मी दोन बोटं वर केली. हे एक, किरणं, यात आवाज राहतो, पण पुन्हा उगवलं तर सगळं जातं. हे दुसरं, लेझर, यात मी वाचायची जास्त सोय, पण आवाज असा तसाच. "आधी काही दिवस तर मी एक शब्दही बोलायचा नाही. आणि नंतरही तुझ्या कामाचा राहणार नाही. म्हणून मी ठरवलंय, किरणं घेतो. म्हणजे तुझे शब्द..." तिने माझं पहिलं बोट धरलं आणि मिटवलं. खुर्ची विकली गेल्यावर नकाशावर फुली मारायची तितक्याच सरळपणे. दुसरं बोट एकटं वर राहिलं. मी म्हणालो, "अगं, तुला समजत नाहीये. मग तुला अक्षर कोण देणार? तू नुसती बसून राहशील. मला ते बघवणार नाही." आवाज चढवायला गेलो आणि तो मध्येच मोडला, त्याची नुसती कुजबूज झाली, आणि मी कुजबुजतच राहिलो, घाईघाईने, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तशी, तंतू आवळून.

तिने तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हळुवार वगैरे नाही, चांगला दाबून, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण ठेवतात तसा. तळव्याला साबणाचा वास होता.

"गप," ती म्हणाली.

'ग' तिला कुणी दिला नव्हता. मी ते तिच्या हाताखालून सांगू शकलो नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला आणखी काही म्हणायचं होतं. "तू," ती म्हणाली. "तू... ह..." आणि अडली. कपाळावरची शीर वर आली, ओठ एकदा मिटले, एकदा उघडले. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. तिचे डोळे सवयीने माझ्या तोंडाकडे आले, तिथे तिचा स्वतःचाच हात होता, तो तिने काढला नाही. खोलीतला उजेड कमी होत गेला. ती पुढचा शब्द शोधत राहिली. तो मला माहीत होता.